भिंतीतली दोन भोकं

जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवणाऱ्या रंगाऱ्याने यंदा एकदाची स्वतःची खोली रंगवली आणि घरात कडक नियम केला: भिंतीला खिळा लावायचा नाही! बिचारं कॅलेंडरही तेव्हापासून खुर्चीवर बसून होतं.

त्याची थोरली बहीण राहायला आली. तिची नजर भिंतीवर नाही, भाचीच्या पलंगाशेजारच्या उंच कपाटावर गेली.

"अरे, याला पट्ट्या मारून भिंतीला जखडून टाक. भूकंप झाला तर थेट ठकीच्या अंगावर येईल."

"तुमच्या गावात झाला म्हणून इथेही होणार का? उगाच अभद्र बोलू नकोस, ताई."

"तो काय सांगून येतो? आमच्याकडे शेजारणीचं घर पडलं नाही, पण ती कपाटाखाली सापडली. अजून काठी सुटली नाही तिची. जमीन आपल्या हातात नाही रे, सामान तर आहे?"

"माझ्या भिंतीला हात लावायचा नाही!" असं बजावून रंगारी कामावर गेला.

ताईने शेजारून ड्रिल आणलं, भावजयीने स्टूल धरलं आणि काम फत्ते झालं. संध्याकाळी दोन भोकं पाहून रंगाऱ्याने घर डोक्यावर घेतलं. मग बहिणीशी अबोला धरला.

अबोला चालू असतानाच, सुट्टीच्या दुपारी, तावदानं थरथरली. जमिनीखालून ट्रक जावा तशी घरघर झाली आणि अख्खं घर डोलू लागलं. ठकी पलंगावर झोपली होती. रंगारी धावला, पडला, पुन्हा उठला. त्याच्या डोळ्यांदेखत कपाट पुढे झुकलं! पट्ट्या करकरल्या आणि कपाट तिथेच अडलं. दार उघडून ठकीवर पडले ते नुसते कपडे!

धक्का थांबला. फ्रॉकांच्या ढिगातून ठकीने डोकं बाहेर काढलं. "बाबा, तुमची भिंत!"

भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडली होती.

"भिंत गेली खड्ड्यात!" त्याने लेकीला घट्ट धरलं. त्याला रडू आवरेना. "ताई, ड्रिल कुठंय? स्वयंपाकघरातली मांडणी राहिलीय!"

"बोललास एकदाचा!" ताई हसली. "आधी बाहेर चल. मागून लहान धक्के येतात. मांडणी नंतर."

भेग त्याने पुढे बुजवली. पट्ट्या मात्र पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, आणि नवं काम घेताना आधी विचारतो, "कपाट बांधलंय का? भोकं आधी पाडा, रंग मग!"

मंडळी, भूकंप कुणाला थांबवता येत नाही. पण आपल्या लेकराच्या उशाशी काय उभं आहे, ते आज घरी गेल्यावर नक्की पाहा. भिंत काय, पुन्हा रंगवता येते!