तस्नीमच्या कॅसेटी

तस्नीमच्या कॅसेटींपायी हुसेनमियाँ चौथ्यांदा रजा टाकून जेद्दाच्या विमानतळावर आला होता. कुवेतवरून युद्ध पेटलेलं, विमानं बंद. केपटाऊनला जन्मलेली ही त्याची चुलत बहीण मक्केची उमरा यात्रा करून लंडनला जायची, ती इथंच अडकली. लंडनला तिचं प्रदर्शन होतं. पडद्यावर जमीनदोस्त केलेल्या घरांचे फोटो आणि सोबत त्याच घरांतल्या बायकांचे आवाज. फोटो बघून तपासणीवाल्यांनी कॅसेटींसकट बॅगच ठेवून घेतली होती.

"हे ढिगारे कुवेतचे," अधिकारी हम्माद आजही तेच म्हणाला.

"केपटाऊनचे!" तस्नीम इंग्रजीत कडाडली. "गोऱ्यांच्या सरकारनं आमची वस्ती पाडली!"

"हळू बोल गं बाई," हुसेनमियाँ वैतागला. कफिलाच्या, म्हणजे त्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाच्या, कानावर गेलं तर त्याचा इकामा, इथं राहण्याचा परवानाच जायचा.

हम्मादनं कॅसेट लावली. "ही कुठली भाषा?"

"आमची. कोकणातली," हुसेनमियाँ म्हणाला.

"मग अरबीत सांग. सगळं."

सहा कॅसेटी! हुसेनमियाँनं कपाळाला हात लावला. टेपमधून चाचीचा, तस्नीमच्या आईचा आवाज आला. तो पाच वर्षांचा असताना ती बोटीनं आफ्रिकेला गेली होती. बोली अजून गावचीच.

"सायब म्हनला, हय आता गोरेच ऱ्हातील. मी म्हटलं, चुलीवर भात हाय, तो तरी उतरू द्या. नाय ऐकला."

हुसेनमियाँनं ते अरबीत सांगितलं.

"तिनं तक्रार का नाही केली?" हम्मादनं विचारलं.

"कुणाकडे करायची?" चार दिवस मान डोलावणारा हुसेनमियाँ एकदम ओरडला. "पाडणारे तेच, तक्रार ऐकणारेही तेच!"

मग स्वतःच्या आवाजानं तोच घाबरला. हम्मादनं मात्र पुढची कॅसेट लावली. तीन कॅसेटी ऐकून म्हणाला, "खलास. आवाज घेऊन जा. फोटो युद्ध संपल्यावर."

"फोटोंशिवाय काय दाखवू?" तस्नीम गाडीत चरफडत राहिली.

"ते मला नको विचारू. चौथी कॅसेट लाव. चाचीचं पुढं काय झालं?"

मार्चमध्ये तस्नीमनं लंडनला पडदा कोराच ठेवला आणि नुसते आवाज ऐकवले. फोटो मे महिन्यात सुटले. त्यासाठी हुसेनमियाँनं आणखी सहा फेऱ्या मारल्या. दर फेरीला तिच्या नावानं खडे फोडले, पण एकही फेरी चुकवली नाही.