दाराबाहेरची आई

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाळणा आहे. एवढे वय झाले, तरी माणसांच्या मायेचे गणित मला काही सुटलेले नाही.

एका सुताराने मला घडवले. बाळाला कुसळ टोचू नये म्हणून त्याने माझ्या कडा पुन्हा पुन्हा घासल्या. माझ्यात पहिली निजली ती एका शिक्षिकेची मुलगी. बाई शिस्तीच्या. "रडलं की उचललं, तर बाळ डोक्यावर बसतं," असे म्हणून त्या दार ओढून घेत. मुलगी रडून रडून गप्प व्हायची. "किती गुणी पोर! पाळणाही छान आहे हो," असे येणारेजाणारे म्हणत. मी फुशारून जाई. गप्प झाली म्हणजे सुखाने झोपली, असेच मला वाटे.

पुढे माझी रवानगी माळ्यावर झाली. तीस वर्षे धूळ खाल्ली. मग तीच मुलगी मला न्यायला आली. आता ती दवाखान्यात नर्स होती. परक्यांच्या जखमा ती सहज बांधत असे. पण स्वतःचा मुलगा रडू लागला, की ती माझी कड घट्ट धरून नुसती उभी राही.

"अगं, घे ना त्याला," नवरा म्हणे.

"घ्यावंसं वाटतं रे. पण हातच पुढे होत नाहीत. काय होतंय मला, तेच कळत नाही."

मलाही कळेना. माया नाही म्हणावे, तर डोळे भरलेले.

एका दुपारी बाई नातवाला बघायला आल्या. बाळ रडतच होते. मुलीने विचारले, "आई, मी अशी रडायचे तेव्हा तू कुठे असायचीस?"

बाईंनी दाराकडे पाहिले. मग म्हणाल्या, "दाराबाहेर. जमिनीवर बसून."

"मग आत का नाही आलीस?"

"माझी आई कधी आली नव्हती. मला वाटलं, आई अशीच असते."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. ती रागावली की कळवळली, मला सांगता येणार नाही. मग तिने वाकून बाळाला उचलले, अगदी अवघडत. बाळ आणखीच रडू लागले.

"बघ, थांबत नाहीये."

"नाही तर नाही. तू खाली ठेवू नकोस," बाई म्हणाल्या आणि भीत भीत त्यांनी नातवाच्या तळपायाला बोट लावले.

हल्ली मी बराच वेळ रिकामा असतो. याचा आनंद मानावा की रुसावे, ठरत नाही. मित्रांनो, मला पुसत जा, माझ्या कड्यांना तेल घाला. पण रडणारे बाळ माझ्या भरवशावर सोडून जाऊ नका. मला झोका देता येतो, जवळ घेता येत नाही.