पान सातचे साक्षीदार

रुग्णाचं गुपित आम्ही प्राणापलीकडे जपतो, असं त्या रुग्णालयाच्या दारावर संगमरवरात कोरलेलं आहे. त्याखालच्या फळ्यावर आज कोण कशासाठी दाखल झालं, ते खडूने लिहिलेलं असतं. आत कुणी रुग्णाचा कागद वाचला, की ती ओळ वाचणाऱ्याच्या कपड्यांवर निळ्या शाईत उमटते. धुतल्याने जात नाही. तिथले डॉक्टर म्हणूनच गडद रंगाचे शर्ट घालतात.

आठल्येबाईंना हे ठाऊक होतं. म्हणून तर त्या शाळेत रजा टाकून सकाळी दहाला रेकॉर्ड विभागाच्या खिडकीशी उभ्या होत्या. सव्वीस वर्षं गणित शिकवल्यावर सोमवारी त्यांची मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक व्हायची होती. आणि त्यांच्या फायलीत, पान सातवर, एक ओळ होती: सहा वर्षांपूर्वी, मनोविकार विभागात अकरा दिवस. तिच्यावर 'गोपनीय' असा शिक्का मारून हवा होता. एवढंच काम.

खिडकीतले कारकून दाभोळे म्हणाले, काम सोपं आहे. ती ओळ वाचून 'कुणाला सांगणार नाही' अशी सही करणारे दोन साक्षीदार तेवढे आणा.

"न वाचता सही केली तर?"

"न वाचता गुप्तता कशाची पाळणार, बाई? काय सांगायचं नाही, ते माणसाला ठाऊक तर पाहिजे."

गणिताच्या बाईंना यात चूक सापडेना.

त्यांनी रांगेतल्या दोघांना विनवलं. हाताला प्लास्टर घातलेल्या एका बाईने ओळ वाचली आणि जरा निराशच झाली. "एवढंच होय? माझी जाऊ दोनदा जाऊन आलीय. आता अख्ख्या गल्लीची भांडणं तीच मिटवते." तिची सही होईपर्यंत ओळ पदरावर उमटली होती.

पण साक्षीदारांनाही आता गुपित ठाऊक झालं होतं. तेव्हा त्यांच्यासाठी प्रत्येकी दोन साक्षीदार लागणार होते. त्या चौघांसाठी आठ. माणसं मावेनात तसा व्हरांडा लांबत गेला. बाराच्या सुमाराला त्याचं दुसरं टोक दिसेनासं झालं. माणसं शिस्तीची होती. वाचत, सही करत आणि भिंतीला टेकून उभी राहत. दोनशे चोपन्न झाले तेव्हा बाई म्हणाल्या की अर्ज मागे घ्यायचाय.

"घ्या की," दाभोळे म्हणाले. "त्याला चार साक्षीदार लागतील. हे नाही चालायचे, वेगळे हवेत."

नवव्या फेरीनंतर नियम संपतो, कारण अर्जावर जागा संपते. म्हणजे एकूण एक हजार बावीस. दोन वाजता एकच सही राहिली होती, आणि व्हरांड्यात कोऱ्या सदऱ्याचा एकच माणूस. शाळेचे सचिव निम्हणअण्णा. गुडघा दाखवायला आले होते.

इतका वेळ आजूबाजूला काय लिहिलंय हे अण्णांना कळलंच नव्हतं. चष्मा घरी राहिला होता. बाईंना सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

"ज्यांना वाचता येत नाही, त्यांची सही चालणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"वाचून दाखवलं तर चालते."

भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. म्हणून एक हजार एकवीस माणसांनी ती ओळ एकदम, पण कुजबुजत वाचली. अण्णांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, खिशाच्या जरा वर, अक्षरं उमटली. त्यांनी सही केली आणि बाईंना हात जोडले.

"तब्येतीला जपा, बाई. शाळेचं आम्ही बघतो."

शिक्का बसला. बाईंनी दाभोळ्यांना विचारलं, ती ओळ मला एकदा बघता येईल का? दाभोळ्यांनी साक्षीदारांच्या यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

त्यात बाईंचं नाव नव्हतं.