कच्चं लिंबू आणि बेसिनवरचा खिळा

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि मला माणसांच्या हातांची किळस येते. मनाला लावून घेऊ नका. आधी हात धुऊन या, मग वाचायला बसा.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. त्याने माझं लाकूड वर्षभर सुकवलं, घासून गुळगुळीत केलं आणि शेवटचा हात फिरवताना तो माझ्यावरच शिंकला. वॉर्निशखाली तो ठिपका अजून आहे. सुरुवातच अशी झाली.

पुढे मास्तरांनी मला घेतलं. ते एका मोठ्या हॉटेलच्या जेवणघरात जॅझ वाजवत. त्यातही बीबॉप नावाची घाईची, वळणावळणाची तऱ्हा त्यांची लाडकी. समोर माणसं हाडं चोखत, टेबलाच्या कापडाला बोटं पुसत आणि त्याच हातांनी टाळ्या वाजवत. तेलकट टाळीचा आवाज वेगळा येतो, मित्रांनो. एक गृहस्थ तर कौतुकाने माझ्या पोटावर थाप मारून गेले. पाचही बोटं उमटली. मास्तरांनी ती मऊ फडक्याने पुसली, पण माझ्या मनातून काही जात नाहीत.

मास्तरांचं नाव झालं ते एका युक्तीमुळे. तुम्हाला सात सूर ठाऊक आहेत. मास्तर प आणि ध यांच्या मधे आणखी एक घुसवत, कोमल ध. त्याला ते कच्चं लिंबू म्हणत. तुम्ही धाकट्या भावंडाला खेळात घेता ना, त्याच्यावर राज्य नाही, तो आउट नाही, नुसतं पळायचं, तसं. मग आठही सुरांना रांगेत उभं करून शाळेतल्यासारखं एक-दोन, एक-दोन मोजायचं. ‘एक’ म्हणणारे सा, ग, प आणि शुद्ध ध. हे चौघे एकदम छेडले की घरी आल्यासारखं वाटतं. ‘दोन’ म्हणणारे रे, म, कोमल ध आणि नी. हे चौघे चपला घालून दारात उभे, आता निघतील की मग निघतील. एका संघाची कॉर्ड, म्हणजे चौघांचा एकत्र झंकार, मग दुसऱ्याची, असं करत मास्तर माझ्या मानेवर पायरी पायरीने चढत. तेवढा वेळ मी नाक मुरडायचं विसरत असे.

मग मास्तरांचा हात थरथरू लागला आणि मी पेटीत गेले. पेटीचं झाकण नीट लागत नव्हतं. माझ्या पोटात पालीने अंडी घातली. याहून जास्त मी सांगणार नाही.

अशात मास्तरांच्या मोठ्या जावयांनी खानावळ काढली. जावई म्हणजे स्वच्छतेचा पुतळा. नखं कापलेली, अंगाला सेंट. मला वाटलं, सुटले बाई. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं आणि भिंतीवर शोभेल म्हणाले. भिंत कुठली, तर हात धुवायच्या बेसिनवरची. म्हणजे खाली माणसं खाकरणार, गुळण्या करणार, दातांतलं काढून निरखून बघणार आणि वरून ते सगळं मी पाहणार. खिळाही ठोकून झाला होता.

मास्तरांची धाकटी मुलगी गॅरेजात स्कूटर दुरुस्त करते. तिच्या नखांत कायमचं काळं ऑइल. ती म्हणाली, गिटार मला द्या, मी वाजवेन. एकीकडे गुळण्या, दुसरीकडे ऑइल; मी कुणाला हो म्हणू?

मास्तरांनी तोड काढली. खालच्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत जो दोन्ही संघ न मोडता कॉर्ड चढवेल, त्याची गिटार.

जावयांनी कुठूनसा छापील तक्ता आणला आणि बघायला सोपा जावा म्हणून माझ्या कडेवर चिकटवला. कोपरे सुटले, तेव्हा थुंकी लावून दाबले. मग ते सातच सूर घेऊन एक-दोन करत निघाले, आणि वरच्या ‘सा’वर पोचले ते ‘दोन’ म्हणत. म्हणजे घरी पोचले खरे, पण दार शेजाऱ्याने उघडलं. मास्तरांनी कच्चं लिंबू कुठंय म्हणून विचारलं.

जावई हसले. “बाबा, सप्तक म्हणजे सात. आठवा सूर म्हणजे चूक.”

“भाऊजी,” धाकटी म्हणाली, “स्कूटर जोडून झाल्यावर हातात एक बोल्ट उरला, की आमच्याकडेही काही जण म्हणतात, जादाचा असेल.”

तिने हात पँटला पुसले. पँट हातांपेक्षा मळकी होती. ती चढू लागली. घर, दार, घर, दार. कोमल धच्या पायरीवर ऑइलने तिचं बोट सटकलं. माझा जीव खिळ्याला टांगला गेला. तिने मनगटाने नाक पुसलं, बोट पुन्हा तिथेच रोवलं आणि नीट ‘दोन’ म्हटलं. मग शुद्ध ध, मग नी, आणि वरचा सा.

“आली घरी,” मास्तर म्हणाले.

बेसिनवर आता काय लावू, असं जावयांनी जरा घुश्शातच विचारलं.

“साबण ठेवा, जावईबापू.”

आता रोज संध्याकाळी माझ्या तारांना ऑइल लागतं. तक्ता निघाला, गोंदाचा डाग राहिला.

मित्रांनो, वाद्याला हात लावण्याआधी हात धुवा. वाजवून झालं की फडक्याने पुसा. पेटीचं झाकण नीट लावा, पाली टपलेल्या असतात. मोजताना कच्चं लिंबू गाळू नका. आणि एखाद्या दिवशी साबण सापडलाच नाही, तर... शी. तर तसेच या.