तीच ओळ आणि काकांची पक्कड

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माझ्या जाळीला पोचे आहेत, वायरीला काळी चिकटपट्टी आहे आणि मी अजून धुमसतो आहे.

कारखान्यातून मी थेट प्रार्थनेच्या सभागृहात आलो. तिथे प्रवचनकार गाऊन प्रवचन करत. काय गळा होता! देवासाठी तळमळणाऱ्या जिवाची गोष्ट सांगताना ते आळवत, "दार लावलंय जगानं, तू भिंत फोडून ये." मागे उभी असलेली त्यांची चिमुरडी मुलगी ती ओळ उचलून धरी. लोक डोळे पुसत. मला ते प्रवचन जीव की प्राण होते. आजही आहे.

मुलगी मोठी झाली, रॉक बँडमध्ये गाऊ लागली. तिथल्या ड्रमवाल्यावर तिचा जीव जडला. घरात त्याचे नाव काढायलाही बंदी. त्याच सभागृहात तरुणांचा कार्यक्रम झाला. गिटार गरजली, आणि ड्रमवाल्याकडे बघत ती माझ्यात तोंड घालून ओरडली, "दार लावलंय जगानं, तू भिंत फोडून ये!"

"लाज कोळून प्यायली ही," पहिल्या रांगेत तिचे काका म्हणाले.

"बंद करा ते," प्रवचनकार म्हणाले.

काकांनी पक्कड आणली आणि माझी वायर कापली. मित्रांनो, माझ्या मानेवर बटण होते! अंगठा पुरला असता. पण बटणाने अद्दल कुठे घडते?

बाप आणि लेक, दोघांचेही श्वास मी जवळून झेलले आहेत. दोन्ही सारखेच कढत होते. एकाला हात जोडता आणि दुसऱ्यावर पक्कड चालवता?

पुढच्या प्रवचनाला मला चिकटपट्टी लावून उभे केले. प्रवचनकारांनी ती ओळ गायली आणि सवयीने थांबले. मागे उभ्या मुलीकडून काहीच आले नाही.

"धर ना गं," ते मान वळवून पुटपुटले.

"कशी धरू, बाबा? त्या दिवशी धरली तर वायर कापलीत."

"ती... हीच ओळ होती?"

"लहानपणापासून तुमच्यामागे दुसरी कुठली म्हटलीय मी?"

हे सगळे माझ्यातून सभागृहभर गेले. काका तरातरा उठले. प्रवचनकारांनी हातानेच त्यांना खाली बसवले, मला स्टँडवरून काढले आणि मुलीपुढे धरले.

"तू म्हण," ते म्हणाले. "मी मागून धरतो."

तिने मला घेतले. तिने ओळ म्हटली, त्यांनी मागून धरली.

माझा राग मात्र गेलेला नाही. जोड दिलेली वायर अजून खरखरते, ती कायमच खरखरणार. मित्रांनो, कुणाचे गाणे सोसवले नाही, तर आधी ते शेवटपर्यंत ऐका. मग हवे तर बटण दाबा. पक्कड मात्र घरी ठेवून या.