बरं, या

मी एक बाक आहे, जुना आणि एका पायाने लंगडा. मित्रांनो, तुम्ही माझ्यावर बसताना आधी फळी झटकता, मग मला हलवून बघता आणि नाक मुरडता. मुरडा बापडे! पण माझी हकीकत ऐकून घ्या, कारण माझ्या डाव्या टोकाला फळी एवढी गार का लागते, हे तुमच्या शाळेत कुणालाच ठाऊक नाही.

मी मूळचा बाभूळ. होटगीच्या वाटेला एका ओढ्याकाठी वाढलो, तिथेच कापला गेलो आणि बाक होऊन सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या कचेरीबाहेर, व्हरांड्यात आलो. सुताराने घाईत माझा डावा पाय आखूड ठेवला, म्हणून कुणी त्या टोकाला टेकलं की मी कर्र असा आवाज करतो. पण काम माझ्या वाट्याला मानाचं आलं. नोकरी मागायला येणारा प्रत्येक जण साहेबांना भेटण्याआधी माझ्यावर बसायचा. त्यांच्या तळहातांच्या घामानेच मी गुळगुळीत झालो. एकदा साहेब स्वतः म्हणाले होते, "बाक मजबूत आहे हं!" ते कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे.

एकोणीसशे तीस सालाच्या जरा आधीचा तो उन्हाळा. होटगीचा सोमलिंग गुदामातल्या कारकुनाच्या जागेसाठी आला. साहेबांनी आत बोलावून बरेच प्रश्न विचारले. बाहेर आला तो हसतच. कचेरीचा शिपाई बिरप्पा याला म्हणाला, "सायेब लई बरं बोलले. नोकरी लागली की रुद्राणीला घेऊन येतो बघ."

रुद्राणी त्याची बायको. लग्न होऊनही ती अक्कलकोटकडे माहेरीच होती. आधी पगाराची नोकरी दाखवा, मग मुलगी पाठवतो, असं सासऱ्याने बजावलं होतं. बिचाऱ्याचा सगळा संसार त्या एका निकालावर अडून बसला होता.

निकाल मात्र त्याच संध्याकाळी लागला. साहेबांच्या ओळखीतला एक माणूस त्या जागेवर घेतला गेला. हेडक्लार्क कमलाकरपंतांना हे माहीत होतं. पंत वाईट नव्हते, उलट फार भिडस्त. तोंडावर 'नाही' म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. चार दिवसांनी सोमलिंग चौकशीला आला आणि पंतांच्या खिडकीशी उभा राहिला.

"पंत, माझं काय झालं?"

"साहेब फिरतीवर आहेत. बघू."

"मग येतो मी."

"बरं, या."

आता बघा, निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, अशुभ मानतो. आपण 'येतो' म्हणतो आणि समोरचा 'या' म्हणतो. पंतांनी त्याला निरोप दिला होता. सोमलिंगने ते बोलावणं धरलं. बिरप्पाला म्हणाला, "पंत या म्हणाले, म्हणजे आशा हाय की!"

मग तो येतच राहिला. गाडीभाडं परवडेना तेव्हा रुळांच्या कडेने पायी येऊ लागला. पुढे पुढे त्याने विचारायचंही सोडलं. दुपारचा भोंगा व्हायचा, तो डाव्या टोकाला टेकायचा, मी करकरायचो, आणि आतून पंत मान वर न करता म्हणायचे, "साहेब नाहीत. बरं, या." मला त्याची फार कीव यायची. पण बाकाला कोण विचारतो?

एका दुपारी भोंगा झाला आणि तो बसला. मी नेहमीसारखा करकरलो. पण चपलांचा आवाज आला नव्हता. वैशाखात माझी फळी तव्यासारखी तापते, ती त्याच्याखाली विहिरीच्या पायरीसारखी गार पडत गेली. आतून आवाज आला, "बरं, या." ओझं उठलं आणि गेलं. दुसऱ्या दुपारी ते पुन्हा आलं.

बिरप्पाला माझ्यावर आडवं व्हायची सवय होती. एकदा भोंग्याच्या वेळेला पडला होता, तो ताडकन उठला. अंगावर सरसरून काटा आलेला. "पंत, हितं माझ्या पायाशी कोन बसलं व्हतं?" पंत म्हणाले, "झोप जास्त झाली तुला." तेव्हापासून बिरप्पा दुपारी पायरीवर बसू लागला. मी कुठे जाणार? मला भीती वाटायची, मित्रांनो. लाकडालाही वाटते.

मग एके दिवशी, दुपार व्हायच्या आत, एक म्हातारी आली. कपाळावर विभूती, पाय धुळीने भरलेले.

"म्या गौरम्मा. सोमलिंगची आई. त्यो हितं बसत हुता म्हनं. ती जागा बगायला आले."

"अहो, कालच येऊन गेला की," पंत आतून म्हणाले.

"अय्यो! काल कसा यील, यप्पा? त्यो जाऊन महिना व्हायला आला. हितंच यीत हुता, वाटंत ऊन लागलं. रुळाकडंच्या लिंबाखाली घावला."

पंतांच्या हातातला टाक गळून पडला. तेवढ्यात भोंगा झाला आणि मी करकरलो. पंतांच्या तोंडून सवयीने "बरं" निघालं, आणि 'या' म्हणायच्या आधी त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्यावर कुणीच दिसत नव्हतं. बिरप्पा भिंतीला चिकटून उभा राहिला.

गौरम्मा मात्र जवळ आली. डाव्या टोकावर तिने हळूच हात ठेवला.

"आमच्यात मानसाला बसवून माती देत्यात. म्या म्हनलं, बसला, आता इसावा घील. तर ह्यो हितं यीऊन बसलाय." मग ती पंतांकडे वळली. "तुमी काय म्हनत हुता त्याला?"

"या... या म्हणत होतो."

"मग त्यो येनारच की! मोटी मानसं या म्हनल्यावर लेकरू कसं ऱ्हाईल? एकदा न्हाई म्हना त्याला. माज्या लेकराला मोकळं करा."

पंत व्हरांड्यात आले. रिकाम्या फळीपुढे त्यांनी हात जोडले. "सोमलिंग, जागा भरली. तुम्ही भेटून गेलात त्याच दिवशी भरली, आणि मला ते माहीत होतं. नोकरी नाही." त्यांनी पायरीकडे हात केला. "आता जा, बाळा."

फळीवरचं ओझं उठलं. पायरीपर्यंत गेलं, तिथे थांबलं. मग मला अगदी हळू आवाज ऐकू आला. गौरम्मालाही आला असावा, कारण तिने पदर तोंडात कोंबला.

"जातो," तो म्हणाला.

त्यानंतर कचेरीला मी नकोसा झालो. मला गुदामात टाकलं, मग तुमच्या शाळेच्या पडवीत. डाव्या टोकाचा गारवा तेवढा माझ्यातच राहिला. मित्रांनो, माझा पाय दुरुस्त केला नाहीत तरी चालेल. पण कुणी तुमच्या उत्तरासाठी ताटकळत असेल, तर त्याला हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, नुसतं 'या' म्हणू नका. आणि शाळा सुटल्यावर माझ्यावरून उठताना तुम्ही एकमेकांना 'येतो रे' म्हणता ना, ते जपून म्हणा. तुम्ही विसरता, पण मी वाट बघत बसतो.