डाव्या पायाचा ब्रेक

रत्नदीपने तिसऱ्या गाडीच्या टाकीवरून हात काढून घेतला आणि तो पुन्हा पहिल्या गाडीपाशी येऊन उभा राहिला.

“अरे, लोक मुलगी बघायला पण दोनदाच जातात,” गॅरेजवाला महेंद्र फडक्याला हात पुसत म्हणाला. “तू चौथ्यांदा आलायस. आणि आज तर वडिलांना घेऊन! काय जगनभाऊ, बोलणी पक्की करायची ना?”

जगनने नुसती मान हलवली.

माजिवड्याच्या पुलाजवळच्या त्या गॅरेजात तीन बुलेट ओळीने उभ्या होत्या. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांना फोटोसाठी उभं करावं तशा. तोच गोल दिवा, तीच थेंबासारखी टाकी. थोरली सत्त्याण्णवची. तिला फक्त किक; गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. मधलीचा गिअर डावीकडे आला होता आणि ब्रेक उजवीकडे. किकच्या जोडीला बटण होतं. धाकटी गेल्या वर्षीची. तिला किकच नव्हती, आणि तिचा आवाज थोरलीपुढे कुजबुजीसारखा वाटे.

रत्नदीपचा जीव धाकटीवर होता, हे महेंद्रने पहिल्याच रविवारी ओळखलं होतं. तरी दर खेपेला त्याचे पाय थोरलीकडे वळत. का, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

जगनने खोपटच्या डेपोत एकतीस वर्षं एसटीची इंजिनं दुरुस्त केली. कल्याणहून तो रोज अशाच उजव्या गिअरच्या बुलेटवर जाई. निवृत्त झाला त्याच महिन्यात त्याने ती विकून टाकली. “आता जायचंय कुठं?” एवढंच म्हणाला. त्यानंतरचं सव्वा वर्ष तो दारात खुर्ची टाकून बसला होता. शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करी. ते संपले की रस्त्याकडे पाहत राही. “एक दिवस कुणी ह्यांना दाराचं कुलूप समजून ओढून बघेल,” असं रत्नदीपची आई केशरबाई म्हणायची, आणि म्हणताना हसायची नाही.

थोरली घरी न्यावी, किल्ली खुंटीला अडकवावी आणि काही बोलू नये, एवढाच रत्नदीपचा बेत होता. बोलणं त्याला जमतच नसे. वडिलांशी तर नाहीच.

“पप्पा, ही चालवून बघता?” त्याने विचारलं.

“मी कशाला? गाडी तुला घ्यायचीय.”

“इंजिन कसं आहे, ते मला काय कळणार?”

हे मात्र जगनला पटलं. तो थोरलीवर बसला. दिव्यावरच्या विजेच्या मीटरची सुई मध्यावर येईपर्यंत त्याने किक हलकेच दाबत नेली, क्षणभर थांबला आणि सगळं वजन एकदम टाकलं. इंजिन पहिल्याच किकेत बोललं. गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात त्याने दोन फेऱ्या मारल्या. परतला तेव्हा तो शीळ घालत होता. ती शीळ रत्नदीप विसरून गेला होता.

“महेंद्रदादा, ठरलं,” रत्नदीप घाईने म्हणाला. “हीच.”

“थांब जरा.” जगन उतरला. त्याने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, मग धाकटीकडे. “ती पण बघू दे.”

धाकटी बटणावर चालू झाली आणि आवाज न करता निघून गेली. दोन वळणं जगनने नीट घेतली. गॅरेजपाशी येताना मात्र त्याने क्लच ओढला आणि सवयीने डावा पाय खाली दाबला. गिअर पडला, वेग पडला नाही. हाताचा ब्रेक आठवेपर्यंत पुढचं चाक तेलाच्या रिकाम्या पिंपावर जाऊन टेकलं. पिंप घणघणत आडवं झालं.

“भाऊ, गाडी बघायला सांगितली, पिंप नाही!” महेंद्र हसत धावला. चाकाला काहीच झालं नव्हतं.

जगन हसला नाही. आपल्या डाव्या बुटाकडे तो थोडा वेळ पाहत राहिला.

“डोकं ऐकतं रे,” तो म्हणाला. “पाय ऐकत नाही.”

“म्हणूनच म्हणतो, पप्पा. जुनीच घेऊ.”

“ही घे.”

“पण ही तुम्हाला...”

“जुनी घेतलीस तर किल्ली माझ्याच खिशात राहील.”

“राहू दे की.”

“आणि मी एकटा कुठं जाऊ?”

जगन वाकला आणि धाकटीच्या मागच्या बाजूला पाय ठेवायचे मिटलेले दोन्ही दांडे त्याने बोटाने उघडून पाहिले. आधी एक, मग दुसरा. घट्ट होते. मागच्या सीटवर त्याने तळहात दाबला.

“मागे एक माणूस नीट बसेल एवढी जागा आहे,” तो महेंद्रला म्हणाला.

पुढच्या रविवारी कागदपत्रं हातात आली. रत्नदीपने गाडी बाहेर काढली. जगन मागे बसला. त्याने हेल्मेटचा पट्टा लावला आणि हात स्वतःच्या मांड्यांवर ठेवले. साकेतच्या पुलावर खाडीचा खारा वारा आला.

पुलानंतर एक टेम्पो आडवा आला. रत्नदीपने वेग कमी केला, आणि त्याच क्षणी त्याच्या डाव्या टाचेला मागून बुटाचं टोक लागलं. आधी त्याला वाटलं, पप्पा सावरून बसले. भिवंडीच्या वळणावर पुन्हा तेच. गाडी हळू होऊ लागली की मागचा डावा पाय दांड्यावर जोराने दाबला जात होता. जगनला ते ठाऊकही नसावं. तो दोन्ही बाजूंचा रस्ता पाहत होता, आणि हेल्मेटच्या आत शीळ घालत होता.

दुर्गाडीच्या पुलाअलीकडे गाड्यांची रांग लागलेली लांबून दिसली. रत्नदीपने उजवा पाय ब्रेकवर आणला, पण तो दाबला नाही. मागचा पाय दाबला जाईपर्यंत तो थांबला.